गाळ आणि गाळा

गेल्या अंकात मी जुने टीव्ही-कॉम्प्युटर फोडण्याच्या धंद्याबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. ज्यांनी तो अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उत्तर व्हिएतनाममध्ये बुई दाऊ नावाचं गाव आहे. तिथे घराघरांत जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं फोडतात, वायरी जाळतात. जपानी आणि व्हिएतनामी शास्त्रज्ञांनी तिथली माती आणि नदीचा गाळ तपासला. प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात घालतात ती ज्वालारोधक रसायनं त्यांना सापडली, ब्रोमीनवाली जुनी आणि त्यांच्या जागी आलेली फॉस्फरसवाली नवीसुद्धा. त्यावर मी विचारलं होतं, की आपल्या कुर्ल्यात, साकीनाक्याला, धारावीत काय वेगळं चालतं? वर एक वाक्य असंही लिहिलं होतं, की भंगारवाले सगळं प्लॅस्टिक एकत्र वितळवतात. ते वाक्य मला महागात पडलं. पुढे येईलच.

प्रश्न : बाई, आमची सोसायटी कुर्ला पश्चिमेला, नाल्याच्या कडेला आहे. मे महिन्यात नालेसफाई झाली तेव्हा काढलेला गाळ काठावर वाळत पडला होता. "नदीचा गाळ म्हणजे सोनं" असं म्हणत आमच्या सेक्रेटरींनी माळ्याकडून पंधरा-वीस पाट्या गाळ बागेत टाकून घेतला. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, सगळं आता त्यातच आहे. तुमचा लेख वाचून मी सर्वसाधारण सभेत विषय काढला, तर ते म्हणाले, मिठी नदीचं पाणी सरकार नेहमी तपासतं, त्यात असलं काही येत नाही. कोण खरं? (सोबत माझ्या मुलीचीही चिठ्ठी आहे, ती सातवीत आहे.)
— एक सभासद, कुर्ला

उत्तर : दोघंही खरे. पाण्यात येत नाही हे सेक्रेटरींचं बरोबर, आणि तो गाळ बागेत नको हे तुमचं बरोबर. नमुना कुठला घ्यायचा, एवढाच वाद आहे.

यात माझाही एक गुन्हा आहे, तो कबूल करते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा दर वर्षी मुलांना घेऊन मिठीवर जायचे. सीएसटी रोडच्या पुलावरून दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायची, पाणी वर ओढायचं, पीएच बघायचा, विरघळलेला ऑक्सिजन बघायचा, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तो आकडा) काढायचा. आकडे वाईट यायचे आणि मुलं खूश व्हायची, कारण वाईट आकड्यांवर प्रकल्प चांगला लिहिता येतो. परत आलो की शिपाईमामा प्रयोगशाळेच्या दारात अडवायचे, "आधी चपला धुवा." तो काळा चिखल आम्ही मोरीत घासून सोडून द्यायचो. इतक्या वर्षांत एकदाही मला त्याचा नमुना घ्यावासा वाटला नाही.

ज्वालारोधकांमधली सगळ्यात बदनाम मंडळी म्हणजे पीबीडीई. एका रेणूवर एकापासून दहापर्यंत ब्रोमीन, त्यांच्या जागा बदलत गेलं की एकूण २०९ प्रकार होतात. जुन्या टीव्हीच्या मागच्या डब्यात हे चिमूटभर नसायचं, वजनाच्या दहा-पंधरा टक्के असायचं. आतली तार तापून प्लॅस्टिक पेटू लागलं की ब्रोमीन सुटतं आणि ज्वाळा ज्या रासायनिक साखळीवर जगते ती साखळी तोडतं. काम चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की पीबीडीई प्लॅस्टिकमध्ये नुसतं मिसळलेलं असतं, जोडलेलं नसतं. भाजणीत दळलेली डाळ परत वेगळी होत नाही, भेळेतले दाणे मात्र वेचून काढता येतात. पीबीडीई हे भेळेतले दाणे. घरातल्या टीव्हीतूनही वर्षानुवर्षं ते कणाकणाने बाहेर येतात आणि धुळीत उतरतात. प्लॅस्टिक दळलं, तापवलं, जाळलं तर भराभर येतात. (मदरबोर्डाच्या हिरव्या पाटीत टीबीबीपीए नावाचं ज्वालारोधक वापरतात, ते बहुतांशी भाजणीतलं. म्हणून तुलनेने घट्ट बसतं. पाटी जाळली तर भाजणी काय आणि भेळ काय, सगळं सारखंच.)

आता पाण्यात का सापडत नाही ते. या रेणूंचं आणि पाण्याचं पटत नाही. तेलकट कढई नुसती नळाखाली धरा, तेल जागचं हलत नाही. आमच्या आजीच्या हातात राख असायची. राख तेल ओढून घ्यायची आणि मग दोघं मिळून पाण्याबरोबर जायची. नाल्यात हे राखेचं काम गाळ करतो. सांडपाण्यातला सेंद्रिय मळ, बारीक चिकणमाती, काजळी, यांना हे रेणू धरून बसतात. म्हणून बाटलीतल्या पाण्यात जवळजवळ काही दिसत नाही आणि खालच्या काळ्या चिखलात थरावर थर साठत जातो. मिठीत तर आणखी एक प्रकार आहे. माहीमच्या खाडीची भरती पार बीकेसीपर्यंत आत येते. समोरून भरती आली की नदीचा जोर मरतो. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. वरून वाहत आलेला माल समुद्र गाठायच्या आधीच तिथे उतरतो. दर उन्हाळ्यात आपण तो उपसून काठावर ठेवतो, तो वाळतो, आणि वाऱ्यावर परत आपल्याच घरात येतो. गाळ काढू नये असं मी म्हणत नाही हो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री मीही कुर्ल्याच्या एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर बसून होते. काढायलाच हवा. तुळशीत नको, एवढंच.

तुमच्या बागेचं सांगते. मुळांवाटे पीबीडीई फारसं वर चढत नाही, तेव्हा तुळशीच्या पानापानात ते भरलंय अशा कल्पनेने झोप उडवून घेऊ नका. पानांवर उडालेली माती आणि मातीत खेळलेले मुलांचे हात, काळजी यांची. शिवाय जिथून ज्वालारोधकं येतात तिथूनच शिसं आणि कॅडमियमही येतं, आणि कॅडमियमला मुळांवाटे वर चढायला कोणी अडवत नाही. त्यामुळे खायची-प्यायची झाडं नव्या मातीच्या कुंड्यांत हलवा. टाकलेला गाळ परत नाल्यात लोटू नका. आहे तिथेच ठेवून वर वीतभर चांगली माती पसरा आणि हिरवळ लावा, म्हणजे धूळ उडणार नाही. आणि कृपा करून गाळ प्रयोगशाळेत पाठवायचा ठराव करू नका. पीबीडीईची तपासणी महाग असते, तेवढ्यात टेम्पोभर लाल माती येईल.

मुलीच्या चिठ्ठीचं उत्तर शेवटी देते.

प्रश्न : मॅडम, तुम्ही लिहिलंत, भंगारवाले सगळं प्लॅस्टिक एकत्र वितळवतात. माझा कुर्ल्यात गाळा आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. आम्ही एकत्र वितळवत नाही. मिठाच्या पाण्यात माल वेगळा करतो. येऊन बघा आणि मग लिहा.
— एक गाळेवाले

उत्तर : आले, बघितलं. दादा, ते वाक्य मी मागे घेते. चहा फार गोड होता, पण तुमच्या आईंनी केला होता म्हणून संपवला.

मी काय पाहिलं ते इतर वाचकांना सांगायला हवं. पोटमाळा असलेला चिंचोळा गाळा, दारात मॉनिटर आणि प्रिंटरच्या डब्यांची रास. दोन बाया बसून स्क्रू, स्टिकर, रबर सोलून काढत होत्या. त्यातल्या थोरलीने मला प्लॅस्टिक ओळखायला शिकवलं. तुकडा मोडायचा, मोडल्या जागी पांढरं पडतं का बघायचं, नखाने वाजवून आवाज ऐकायचा. तरी शंका राहिली तर लायटर. पेटवून लायटर बाजूला घेतल्यावरही जळत राहिला तर साधा माल, लगेच विझला तर "एफआर", म्हणजे ज्वालारोधकवाला. मोठ्या कारखान्यांत प्लॅस्टिकची प्रत ठरवायला जी ज्वलनचाचणी करतात तिचं तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की तिथे धुरासाठी बंद कपाट असतं आणि इथे बाई धुराच्या वासावरून एबीएस की स्टायरिन (डब्यांची दोन नेहमीची प्लॅस्टिकं) ते सांगतात.

मग टब. निळा ड्रम उभा चिरून त्याचे दोन टब केलेले. पहिल्यात साधं पाणी. त्यात पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, बाकी सगळं बुडतं. बुडालेलं दुसऱ्या टबात, तिथे मीठ. लिटरमागे साधारण दीडशे ग्रॅम पडलं की साधं एबीएस आणि हिप्स (म्हणजे वरचं स्टायरिनच) वर येतं आणि ब्रोमीनवालं खाली राहतं. यात जादू नाही. ब्रोमीनचा अणू कार्बनपेक्षा साडेसहा पटीहून जड, तो ज्या प्लॅस्टिकमध्ये भरलाय ते जड होणारच. मीठ पुरेसं झालं हे कसं कळतं, विचारलं. दादांनी खिशातून एक ओळखीचा पिवळट तुकडा काढला आणि पाण्यात टाकला. तो वर आला की मीठ पुरे. आमच्याकडे यालाच हायड्रोमीटर म्हणतात आणि त्याच्यासाठी स्टोअरकीपरची सही घ्यावी लागते.

तेव्हा मी जे अज्ञान समजत होते ते कुठेच नव्हतं. मग विचारलं, बुडालेल्या मालाचं काय करता? दादा, तुम्ही लपवलं नाहीत याबद्दल खरंच आभार. तोही विकला जातो. कमी भावात, काळा रंग घालून. काळ्यात सगळं खपतं. त्याचे हँगर होतात, कुंड्या होतात, स्वस्त खेळणी होतात. निरनिराळ्या देशांत मुलांचे काळे रुबिक क्यूब तपासले तेव्हा त्यांत टीव्हीच्या डब्यातली ज्वालारोधकं मिळाली, ती याच वाटेने आली.

म्हणजे माल वेगळा होतो, पण वेगळा राहत नाही, कारण दोन्ही ढिगांना गिऱ्हाईक आहे. बुडालेला ढीग तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या सुविधेकडे पाठवायचा तर वर पैसे मोजावे लागतात. खेळणीवाला उलट पैसे देतो. यात कोणता धंदेवाला काय निवडेल ते सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. नियमांनीही या ठिकाणी हात आखडता घेतलाय. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नव्या उपकरणात पीबीडीई हजारात एक भागापेक्षा जास्त नको, असं त्यांत आहे, ते ठीकच. त्याच नियमांनी कंपन्यांना रिसायकलिंगची प्रमाणपत्रं विकत घ्यायला लावलंय. पण ती प्रमाणपत्रं मोजतात सोनं, तांबं, लोखंड आणि अॅल्युमिनिअमवर. वाईट प्लॅस्टिक बाजूला काढून बंद केलं, याचं प्रमाणपत्र नाही. ते असतं तर बुडालेल्या ढिगाला खेळणीवाल्याच्या तोडीचा भाव मिळाला असता. माझं हे मत आहे, आणि गाळ्यात उभी राहिल्यावर झालंय, आधी नव्हतं. बाहेरच्या जगातही फार वेगळं नाही. स्टॉकहोम करारात २००९ मध्ये पीबीडीईच्या पेंटा आणि ऑक्टा (रेणूवर साधारण पाच आणि आठ ब्रोमीन) मिश्रणांवर बंदी आली, २०१७ मध्ये डेकावर (दहा ब्रोमीन). पण २००९ च्या बंदीसोबतच, असं प्लॅस्टिक रिसायकल करायची मुभा जे देश मागतील त्यांच्यासाठी २०३० पर्यंत ठेवली. पुढचं दार बंद करायचं आणि मोरीचं उघडं ठेवायचं.

आता तुमच्या हातातलं. मी निघाले तेव्हा तुमच्या मुलाने टब कलता केला आणि ते राखाडी पाणी सरळ गटारात गेलं. पाहुणी होते म्हणून गप्प बसले. आता बोलते. त्यातल्या मिठाची काळजी नाही, मिठी पुढे खारी होतेच. तळाशी जो बारीक चुरा बसलेला असतो, तो म्हणजे वरच्या पत्रातल्या बाईंच्या बागेतला गाळ. टब कलता करू नका. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी सकाळी परत वापरा. मिठाची गोणीही वाचेल. तळाचं जुन्या सुती साडीतून गाळा, वाळवा आणि गोणीत बांधून ठेवा. ग्राइंडरवर पाण्याची बारीक धार असू द्या, आणि मशीनभोवती कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. लायटर मात्र आजपासून बंद. टब असताना लायटर कशाला? ब्रोमीनवालं प्लॅस्टिक पेटवलं की धुरात ब्रोमीनची डायॉक्सिन तयार होतात, मूळ रसायनापेक्षा वाईट, आणि त्या बाईंचं नाक तिथून वीतभर अंतरावर असतं.

एक धंद्याची गोष्टही सांगते. धातूच्या भंगारवाल्यांकडे मिश्रधातू ओळखायची एक्स-रे बंदूक असते. ती ब्रोमीनही दाखवते. तुमच्या बुडालेल्या ढिगात पीसी-एबीएसचा (एबीएसमध्ये पॉलिकार्बोनेट मिसळलेला) चांगला मालही जातो, कारण तोही जड असतो, आणि त्याला भाव आहे. चार-पाच गाळेवाल्यांनी मिळून महिन्यातून एक दिवस बंदूक भाड्याने आणली तर तेवढा माल वर काढता येईल. उरलेला खरा वाईट ढीग लहान होईल, आणि लहान ढिगाच्या विल्हेवाटीचा खर्चही लहान. हिशेब तुम्ही करा, तो माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला येतो.

प्रश्न : आम्ही माहीमच्या कोळीवाड्यातले. खाडीत आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही, तरी निवट्या, बोईट, चिंबोरी मिळते. नात सहा वर्षांची आहे, तिला चिंबोरीशिवाय चालत नाही. देऊ का?
— एक आजोबा

उत्तर : काका, कोळ्याला मासे शिकवायचे म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो, पण विचारलंत म्हणून सांगते. निवट्या चिखलातच राहतो आणि चिखलावरच जगतो. चिंबोरी तळाचं मेलेलं-कुजलेलं खाते. जे रसायन पाण्याला सोडून गाळाला धरतं, ते पोटात गेल्यावर चरबीला धरतं आणि तिथून हलत नाही. लहान मुलांबाबत जास्त जपायचं कारण असं, की पीबीडीईचा रेणू थायरॉइडच्या संप्रेरकासारखा दिसतो. तिथे आयोडीन, इथे ब्रोमीन, ठेवण तीच. मेंदू वाढायच्या वयात तोतया संप्रेरक नको.

तेव्हा नातीला खाडीच्या तोंडची चिंबोरी देऊ नका. बाहेरच्या समुद्रातून येते ती खुशाल द्या, बोंबील द्या, मांदेली द्या. मोठ्यांनी खाडीचं कधीतरी खाल्लं तर कवटीतला पिवळा मऊ भाग, माशाची आतडी आणि काळीज काढून टाकायचं. तो पिवळा भागच चवीचा असतो हे मला माहीत आहे, रागावू नका. आणि ज्वालारोधकं सोडाच, माहीमच्या खाडीत ज्या प्रमाणात मैला येतो त्याच्यामुळे जुलाब आधी होतील, थायरॉइडचं पुढे.

प्रश्न : काळं प्लॅस्टिकचं उलथणं फेकून द्या असा मेसेज आला. फेकलं. मग मेसेज आला की तो हिशेबच चुकला होता. नवं घेऊ की नको?
— मुलुंडहून एक वाचक

उत्तर : हिशेब खरोखर चुकला होता, आणि चूक अगदी चौथीतली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वयंपाकघरातलं आणि घरातलं काळं प्लॅस्टिक तपासलं. अशा भांड्यांमुळे रोज साधारण ३४,७०० नॅनोग्रॅम डेका-बीडीई पोटात जाऊ शकतं, असा अंदाज त्यांनी बांधला. अमेरिकेतली मर्यादा किलोमागे ७,०००, माणूस ६० किलोचा. सात हजार गुणिले साठ किती? ४,२०,०००. त्यांनी लिहिलं ४२,०००. त्यामुळे मर्यादा गाठल्यासारखं दिसलं, प्रत्यक्षात ते तिच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नव्हतं. नंतर दुरुस्ती छापून आली.

म्हणून काळं उलथणं निर्दोष ठरत नाही. टीव्हीच्या डब्यातलं रसायन उलथण्यात सापडलं हे तसंच राहतं, आणि ते तिथे कसं पोचलं हे वरच्या गाळ्याच्या उत्तरात वाचलंतच. लाकडी उलथणं घ्या, डोसे चांगले सुटतात.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे. आईच्या दुधातही ही रसायनं उतरतात असं वाचलं. सासूबाई म्हणतात, वरचं दूध सुरू कर.
— एक आई, विक्रोळी

उत्तर : पाजत राहा. सासूबाईंना हे वाचून दाखवा, माझं नाव पुढे करा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि असली रसायनं लक्षात घेऊनही तो बदललेला नाही. स्वीडनमध्ये आयांच्या दुधाचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवलेले होते. १९७२ ते १९९७ या काळात त्यांतलं पीबीडीई दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं, आणि वापर आटल्यावर ते उतरायला लागलं. म्हणजे तोटी नेमकी कुठे बंद करायची ते कळलं, आणि ती आईच्या अंगावर नव्हती. घरात एवढंच करा, की झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, बाळ रांगायला लागलं की त्याचे हात वरचेवर धुवा, आणि गादीचा किंवा सोफ्याचा जुना फोम फाटून भुगा पडत असेल तर तो बदला.

प्रश्न : माळ्यावर १९९६ सालचा टीव्ही आहे. भंगारवाला दोनशे रुपये देतोय.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : दोनशे रुपये तो काचेचे देत नाही, तांब्याचे देतोय. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती कुणीतरी कुठेतरी फोडून टाकणार. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत ई-कचरा रिसायकलवाल्यांची यादी आहे. त्यांतल्या कुणाला तरी बोलवा. एकट्या टीव्हीसाठी येत नाहीत, म्हणून अख्ख्या चाळीतले जुने टीव्ही एकत्र करा, मग टेम्पो दाराशी येतो. मागचं झाकण स्वतः उघडू नका, आत भार साठलेला असू शकतो.

नवीन टीव्ही घेताना एक गंमत करता येते. डब्याच्या आतल्या बाजूला, कधी मागच्या बाजूलाही, त्या प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असतं आणि पुढे "एफआर" व कंसात आकडा. १७ असेल तर ब्रोमीन आणि अँटिमनी, मात्र पीबीडीई सोडून दुसरं. ४० असेल तर हॅलोजन (ब्रोमीन-क्लोरीनची जात) नाही, फॉस्फरसवालं. चाळिसाचा आकडा वाचून लगेच हुश्श करू नका. बुई दाऊच्या गाळात फॉस्फरसवालीही सापडलीच होती, वर सांगितलंय.

प्रश्न : बाई, आमच्या भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय की नदीच्या गाळाची माती सुपीक असते. तुम्ही म्हणता बागेत नको. आई आणि सेक्रेटरीकाका भांडतात. परीक्षेत मी काय लिहू?
— इयत्ता सातवी

उत्तर : परीक्षेत "सुपीक" असंच लिही. पुस्तक खोटं बोलत नाही. त्यातली नदी डोंगर झिजवून माती आणते, लांब वाहते आणि पूर ओसरला की ती शेतात ठेवून जाते. आपली मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि अठरा किलोमीटरच्या आत माहीमला समुद्रात जाते. वाटेत डोंगर थोडा आणि गाळे पुष्कळ. तिच्या गाळात खतही आहे बरं का, सांडपाण्यामुळे भरपूर आहे. म्हणून सेक्रेटरीकाकांचा कढीपत्ता जोरात वाढला असेल. फक्त तो फोडणीत घालू नको, असं आईला सांग. हे उत्तर तुझ्या भूगोलाच्या बाईंना दाखवलंस तरी चालेल, पण त्याचे जास्तीचे गुण मागू नकोस.